दगड कबूल करील तेवढंच

(नरसी नामदेव येथील स्मृतिव्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मुद्रित पाठ)



या गावात शब्दांविषयी बोलायला उभं राहण्याची माझी छाती नाही. इथल्या एका शिंप्याच्या घरात 1270 साली जन्मलेल्या माणसानं ते काम पंढरपूर आणि तिथून थेट पंजाबपर्यंत नेऊन ठेवलेलं आहे. म्हणून मी दगडाचा विषय घेतला. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते मुलांना पुस्तकात वाचलेलं शिवारात जाऊन ताडून बघायला लावायचे, असं इथल्या मंडळींकडून ऐकलं. त्याच वाटेनं जायचा प्रयत्न करतो. आजचा प्रश्न साधा आहे. दगडात काम करणारा मूर्तिकार निसर्गाकडून नेमकं काय घेतो?

याचं उत्तर आपल्याकडे तयार असतं. वेलबुट्टी बघितली की आपण म्हणतो, वेल घेतली. हत्ती दिसला की म्हणतो, हत्ती घेतला. माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. आकार तो फार थोडे घेतो. त्याला हवा असतो भार, म्हणजे एखादी जिवंत गोष्ट स्वतःचं वजन कसं तोलते ते. आणि हवी असते वळणाची लय. त्यातलंही किती घ्यायचं, हे त्याच्या मनावर नसतं. ते दगड ठरवतो.

तेव्हा आधी दगडाकडे जाऊ.

आपल्या पायाखालचा काळा पाषाण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्हाचा. हा लाव्हा एकदाच आला नाही. थरावर थर येत गेले आणि दोन थरांमध्ये कुठे कुठे तांबड्या मातीचा पट्टा राहिला. विहीर खणताना तो तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. थराचा मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तो घट्ट असतो. वरचा भाग निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, पुढं त्या पोकळ्यांत पांढरे स्फटिक, गारा भरतात. कयाधूच्या पात्रात ज्या गारगोट्या सापडतात, त्यांतल्या कितीतरी अशाच पोकळ्यांतून सुटून आलेल्या. मूर्तीला हा बुडबुड्यांचा दगड चालत नाही. नाक काढायच्या जागीच गार निघाली तर महिनाभराचं काम वाया. आणि याच पाषाणाची झीज होऊन आपली काळी माती झाली, तिच्यात कापूस झाला. शिंप्याच्या हातातलं कापड आणि पाथरवटाच्या हातातला दगड हे एकाच खडकाचं देणं आहे, ही गोष्ट नरसीत सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही.

घट्ट दगड ओळखायचा कसा? वाजवून. पाथरवट हातोडीनं टकटक करतो. दगड ठणठणीत बोलला तर चांगला, बद्द बोलला तर आत भेग आहे किंवा पोकळी आहे. जुन्या शिल्पग्रंथांनी याच आवाजावरून शिळांचे पुरुष, स्त्री आणि नपुंसक असे वर्ग पाडले. घंटेसारखा नाद असलेली शिळा मूर्तीला घ्यावी, मुक्या शिळेला हात लावू नये, असा त्यांचा रोख. ही परीक्षा आपल्या ओळखीची आहे. तेरच्या गोरोबाकाका कुंभारांनी संतमंडळींच्या डोक्यांवर थापटणं मारून कोण पक्कं मडकं आणि कोण कच्चं ते सांगितलं, आणि आपल्या नामदेवरायांना कच्चं ठरवलं, ही कथा इथल्या लहान मुलालाही पाठ आहे. ती ऐकताना मला नेहमी वाटतं, की ही गोष्ट रचणाऱ्याच्या कानावर कारागिरांच्या आळीतला आवाज पडलेला असणार. वस्तूच्या आतलं बाहेरून कळून घ्यायचं तर डोळ्यापेक्षा कान खरा, ही समज पोथीतून येत नाही.

आता या दगडाचा स्वभाव. तो फार कठीण आहे. होयसळ राजा विष्णुवर्धनानं 1117 साली बेलूरला देऊळ उभारायला घेतलं. तिथला दगड वेगळा. तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, पुढं हवा लागून कडक होतो. म्हणून बेलूरच्या मूर्तीच्या गळ्यातला हार मागून मोकळा काढता आला, पानाच्या खालून छिन्नी फिरवता आली. कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात अशाच मऊ दगडाचे खांब चरकावर फिरवून गोल काढले. आपल्या पाषाणावर असले लाड चालत नाहीत. मऊ दगडावर छिन्नी तिरपी धरून तासता येतं. इथं ती जवळजवळ उभी धरावी लागते, आणि दगड कापला जात नाही, घावाखाली चुरडला जातो. टोक तर सारखं बोथट होतं. पूर्वी जिथं काम चाले तिथंच लोहाराचा भाता असे, कारण छिन्न्या शेवटायला आणि त्यांना पाणी द्यायला तो नसला तर दुपारपर्यंत काम बंद पडायचं. देवळाचं श्रेय आपण राजाला देतो, यादवांचा प्रधान हेमाद्रीला देतो, कधीमधी पाथरवटाला देतो. लोहाराचं नाव कुणी घेत नाही.

या कठीणपणाचा परिणाम डोळ्यांना दिसतो. यादवकाळातल्या मराठवाड्यातल्या मूर्ती बेलूरच्या मूर्तींशेजारी ठेवल्या तर कुणी म्हणेल, आमचे कारागीर कमी पडले. मला हे मान्य नाही. आमच्या कारागिरानं प्रत्येक घाव द्यायच्या आधी विचारलं, हा लागणार आहे का? पानाच्या दहा शिरा दिसत असतील तर त्यानं तीन ठेवल्या. त्या तीन कोणत्या, हे ठरवण्यात त्याची निसर्गाची समज आहे. दहाच्या दहा काढणं मेहनतीचं काम आहे. तीन निवडायला पान कसं वाढतं ते ठाऊक असावं लागतं.

दुसरी अडचण रंगाची. ताज्या घावाखाली हा दगड पांढुरका, करडा दिसतो. कारागीर काम करतो ते या पांढुरक्या रेषांवर. मग कुरुंदानं घासून, पुढं वर्षानुवर्षं तेल बसून तो काळाभोर होतो, आणि काळ्यावर फिक्या छटा उमटत नाहीत. संगमरवरात गालाचा हलका उतार नुसत्या उजेडानं कळतो, इथं तो बुडून जातो. तेव्हा रेष खोल घ्यावी लागते, तिच्यात सावली साठली पाहिजे. म्हणजे जी मूर्ती करतो आहोत ती आज दिसते तशी राहणार नाही, तेल प्यायल्यावर कशी दिसेल, हे धरून हात चालवायचा. डोळ्यासमोरच्या वस्तूवर विश्वास न ठेवता काम करणं ही या धंद्यातली सगळ्यात अवघड गोष्ट असावी.

प्रत्यक्ष काम कसं चालायचं, हे कळायला पुऱ्या झालेल्या मूर्ती फारशा उपयोगी नाहीत. पुरं झालेलं काम आपल्या खुणा पुसून टाकतं. त्यासाठी अर्धवट राहिलेलं बघावं. अजिंठ्याचं 24 क्रमांकाचं लेणं असं अर्धवट आहे, आणि पर्यटक तिथं क्षणभर डोकावून पुढं जातात. मी म्हणेन, सतरा नंबरला अर्धा तास कमी द्या आणि इथं द्या. खांब कुठं नुसता चौकोनी ठोकळा आहे, कुठं त्याचे कोपरे छाटलेत, कुठं नक्षीच्या जागेपुरता दगड फुगवून ठेवलाय. तो फुगवटा महत्त्वाचा. पुढं जिथं फूल येणार तिथं आधी फुलाएवढा दगड राखून ठेवलेला. मातीचं काम करणारा चुकला तर माती लावतो. दगडात काढलेलं परत लावता येत नाही, म्हणून आधी राखायचं, मग काढायचं. काय काढणार यापेक्षा काय ठेवणार, याचा निर्णय पहिला. देवळांच्या बाबतीतही तेच. दख्खनमधल्या अनेक अपुऱ्या देवळांवरून दिसतं की ढोबळ घडलेला दगड आधी जागेवर बसवायचे आणि बारीक नक्षी नंतर, चढवलेल्या भिंतीवर करायचे. कारण दोन दगडांच्या सांध्यावरून जाणारी वेल जुळली पाहिजे, आणि ऊन कुठून येतं ते भिंत उभी राहिल्याशिवाय कळत नाही. गेरूनं रेघ ओढायची, मध्यसूत्र आखायचं, ओळंबा सोडायचा, मग टाकी.

वेरूळचं कैलास लेणं तर वरून खाली कोरत आणलेलं. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण, म्हणजे आठवं शतक. आधी कळस, मग खांदे, मग भिंती, आणि शेवटी पाया. तिथंच ते हत्ती आहेत. देवळाचा सगळा भार पाठीवर घेतलेली हत्तींची आणि सिंहांची रांग. आता गंमत बघा. हे देऊळ म्हणजे डोंगरातून सुटा केलेला एकसंध खडक आहे. त्याचा भार कुणी घ्यायची गरजच नाही. तरी कारागिराला हत्ती हवे वाटले, कारण बघणाऱ्याच्या अंगाला वजन जाणवलं पाहिजे. हत्तीचा आकार दाखवायला त्यानं हत्ती आणला नाही. ओझं खांद्यावर आल्यावर पाय कसे रोवले जातात, हे त्याला हवं होतं, आणि ते हत्तीइतकं कुणाला शोभत नाही. खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या तळाशीही हत्तींची रांग आहे, तिचंही काम हेच.

पाषाणाला हत्ती मानवतो, याचं आणखी एक कारण आहे. हत्तीचं अंग भरीव, पाय जवळजवळ, मान नसल्यासारखी. मोडण्याजोगं एकच, ती सोंड. म्हणून भिंतीवरच्या हत्तीची सोंड बहुतेक वेळा छातीशी दुमडलेली, नाहीतर पायाला किंवा शेजाऱ्याला टेकवलेली. कैलासाच्या अंगणात जो हत्ती मोकळा उभा केलाय, त्याची सोंड आज नाही. हरणाचं याच्या उलट. काड्यांसारखे पाय, पुढं आलेलं तोंड, शिंगं. दगडाला अजिबात न रुचणारं जनावर. तेव्हा अजिंठ्याच्या 1 क्रमांकाच्या लेण्यातल्या कारागिरानं काय केलं? एका खांबाच्या माथ्यावर चार हरणं काढली आणि चौघांत मिळून डोकं एकच ठेवलं. ज्या हरणाकडे बघावं त्याचंच ते डोकं वाटतं. वाटाडे ही गंमत म्हणून दाखवतात आणि लोक हसतात. पण थोडं थांबून बघितलं की कळतं, चारही अंगांची ढब वेगळी आहे आणि तरी ते एकच मस्तक चौघांनाही बसतं. हरणाची मान किती दिशांनी, किती अंशांत वळू शकते, हे ज्यानं रानात बसून बघितलं नाही त्याला हे जमणार नाही. आणि तीन डोक्यांचा नाजूक, मोडण्याजोगा भाग वाचला, हा कारागिराचा व्यवहार. या एका कोपऱ्यात आजचं माझं सगळं व्याख्यान मावतं, खरं तर इथंच थांबलो तरी चालेल. पण अजून वेळ दिसतोय.

तर भार. घारापुरीच्या लेण्यातले खांब आठवा. त्यांच्या माथ्यावर पाकळ्या पाडलेली गोल उशी आहे, वरच्या डोंगरानं दाबल्यामुळे बाजूंनी फुगल्यासारखी. पिकलेलं फळ तळहाताखाली दाबलं तर असंच फुगतं. तिथं कारागिरानं फळ काढलेलं नाही. फळाच्या सालीवर येणारा ताण काढला आहे. वेरूळ-अजिंठ्याच्या खांबांवर घटपल्लव असतो, काठोकाठ भरलेल्या कलशातून चारी कोपऱ्यांवर ओघळणारी पानं. खालचा भाग गोल, वरचा चौकोनी. या दोहोंचं भांडण मिटवायला कोपऱ्यात काहीतरी हवं असतं, आणि तिथं हे पान खाली लवतं. पान मुद्दाम आणलेलं शोभेचं वाटतं, पण ते काढून टाका, खांब उघडा पडेल. हंसांच्या पट्ट्यांचंही तसंच. चोच, मान, छाती हंसाची. शेपटीपासून वेल सुरू होते, ती वळत वळत पुढच्या हंसापर्यंत जाते. पक्षी कुठं संपला, ते बोट ठेवून सांगता येत नाही. कीर्तिमुखाच्या जबड्यातून वेल निघते, मगरीला सोंड येते. पक्षिनिरीक्षकांनी यात जात ओळखायला जाऊ नये. निसर्गात एक वळण दुसऱ्या वळणाला जन्म देतं, तेवढंच त्यांनी उचललंय.

इथं एक कबूल करायला हवं. आपल्या देवळांवर आपलं शिवार जवळजवळ नाही. कमळ आहे, बाभूळ नाही. सिंह आहे, रोही नाही. पळस फाल्गुनात इतका पेटतो, त्याचं पान देवळावर मला ओळखता येईलसं दिसलेलं नाही. काय काढायचं याची यादी परंपरेनं ठरलेली होती, आणि ती यादी यजमान, आचार्य, ग्रंथ यांच्या हातात होती. छिन्नी धरणाऱ्याच्या हातात फक्त 'कसं' होतं. त्याचं शिवार शिरलंय ते त्या 'कसं'मध्ये. बैल जोखडाला मान देताना खांदा जसा उचलतो, तो खांदा मला नंदीत दिसतो.

एकोणिसाव्या शतकात हे सगळं उलटं झालं. 1857 साली मुंबईत जे. जे. स्कूल सुरू झालं. समोर जिवंत माणूस बसवायचा, त्याच्याकडे बघत माती लावायची, मग प्लास्टर, मग धातू किंवा संगमरवर. गणपतराव म्हात्र्यांची 'मंदिरपथगामिनी' 1896 च्या सुमाराची, प्लास्टरमधली. तिच्या लुगड्याची प्रत्येक चुणी डोळ्यांनी बघून उतरवलेली. पूर्वी निसर्ग आठवणीतून यायचा, आता समोरून येऊ लागला. अलिबागजवळच्या सासवण्याला शिल्पकार विनायकराव करमरकरांचं घर आहे, ते आता संग्रहालय झालंय. 1891 साली याच गावात जन्मलेल्या या मुलानं देवळाच्या भिंतीवर काढलेलं शिवाजी महाराजांचं चित्र कलेक्टर ऑटो रॉथफिल्डनं पाहिलं आणि त्याला मुंबईला पाठवलं. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी त्यांचाच. पण मला त्यांची सासवण्याची म्हैस जास्त आवडते. ती दगडाची नाही, सिमेंटची आहे. म्हशीचं रवंथ करतानाचं जडपण त्यात आहे, आणि शिवाय त्वचेची सैल घडी आहे, जी आपल्या पाषाणानं कधीच कबूल केली नसती. करमरकरांनी सिमेंट घेतलं आणि त्यांना हवी ती मोकळीक मिळाली. त्यात काही हरवलं का? मला वाटतं, हरवलं. वस्तूशी भांडत भांडत जे सापडतं ते त्यात नाही. पण ती म्हैस बघितली की हा आक्षेप मांडायचं धैर्य टिकत नाही, हेही सांगतो.

आता उलट टोक. जिथं माणसाचा हातच लागलेला नाही असा दगड. माहूरची रेणुका तांदळ्याच्या रूपात आहे. नर्मदेत पाण्यानं घासून झालेला गोटा बाण म्हणून पुजतात. गावोगावी शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा आहे. ज्या समाजानं कैलास कोरलं, त्याच समाजानं नदीनं घडवलेल्या दगडाला छिन्नी लावायची नाही असंही ठरवलं. या दोन गोष्टी एकमेकींच्या विरोधात आहेत असं आपल्याकडे कुणालाच वाटलं नाही. आणि इथून जवळच्या औंढ्याला, नागनाथाच्या देवळात, नामदेवांचे गुरू विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेवांनी ते उचलून जिथं जिथं ठेवले तिथं तिथं पिंड उभी राहिली, अशी कथा आहे. तिच्यातला अध्यात्माचा भाग कीर्तनकारांनी सांगावा. मला तिच्यात कारागिरांना दिलेली सूट दिसते. घडवलेलाच दगड पवित्र, असं एकदा म्हटलं नाही की मग घडवण्यावरचं दडपण उतरतं. न घडवलेला भाग तसाच सोडता येतो.

औंढ्याचं देऊळ म्हणूनच मी पुनःपुन्हा बघतो. खालचा काळ्या दगडाचा भाग यादवकाळातला, तेराव्या शतकातला, नामदेवांच्याच शतकातला. वरचं शिखर पुढच्या काळातलं, अहिल्याबाईंनी केलेल्या जीर्णोद्धारानंतरचं. भिंत सरळ नाही, कोपरा-कोपरा करत आत-बाहेर सरकते, म्हणून ऊन तिच्यावर कधीच सपाट पडत नाही. मूर्ती फुटलेल्या आहेत, पुष्कळ चेहरे गेलेले आहेत. पण चेहरा गेल्यावर उरतं ते अंगाचं वळण, एका पायावर टाकलेला भार, कमरेतली मुरड. मूर्तिकाराचं खरं काम तिथं होतं, आणि ते फोडणाऱ्याला उचलून नेता आलेलं नाही.

आजच्या पाथरवटाविषयी दोन वाक्यं बोलून संपवतो. पाट्याला आणि जात्याला टाकी लावणारे लोक पूर्वी दारोदार फिरत. मिक्सर आला आणि ती हाळी थांबली. जे मूर्तीच्या कामात टिकले, त्यांच्या हातात आता ग्राइंडर आहे. तो वाईट नाही. आठवड्याचं काम एका दिवसात होतं. पण त्यानं उडणारी धूळ फुफ्फुसात बसते, आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून ती थांबत नाही. पाण्याची धार सोडत काम करणं, चांगला मास्क वापरणं, एवढं तरी व्हायला हवं, आणि मूर्ती बसवणाऱ्या देवस्थानांनी त्याचा खर्च वर्गणीच्या अंदाजपत्रकात धरावा अशी माझी विनंती आहे. दुसरी विनंती इथल्या शाळेच्या शिक्षकांना. पोरांना औंढ्याला नेलंत तर सकाळी लवकर न्या, ऊन तिरपं असताना. फोटो काढू देऊ नका, आधी एक पट्टी वहीत काढायला लावा. काढताना त्यांच्या हाताला कळेल की कारागिरानं कुठं कुठं दगड तसाच ठेवलाय. तेवढ्या जागा मोजून आणायला सांगा.